बेटावरून आलेला निरोप

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. इतकी वर्षं संसार केला, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसले, तरी नाही. मुलाला सांगितलं नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा — खोटं कशाला बोलू — बाकी सगळं बोलते आणि हे तेवढं वगळते. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. तुमच्यापुढं मला उद्या स्वयंपाक करायचा नाही, तुमच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

सांगायचं आहे ते अक्काबद्दल. म्हणजे — माझ्याबद्दलच. पण अक्का कोण होती ते आधी कळायला हवं.

अक्का माझी थोरली बहीण. पोलीस ॲक्शन झाली त्या साली मी पाळण्यात होते, आणि मला नीट चालता येण्याआधी आई गेली. घरात अण्णा, अक्का आणि मी. अण्णा औरंगाबादेत गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात गज घेऊन कापड मोजायचे, आणि मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माझी वेणी अक्कानं घातली, मला गोवर आला तेव्हा कडुलिंबाचा पाला अक्कानं पांघरुणावर पसरला, मला पाढे अक्कानं पाठ करवले. स्वतः चौथीतून शाळा सोडली होती तिनं. माझ्यासाठीच सोडली होती. हे मला कुणी कधी ऐकवलं नाही, अक्कानं तर मुळीच नाही.

तिचं लग्न झालं रंगनाथरावांशी. आमच्याकडं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. दाजी हसतमुख माणूस, पण एका जागी न टिकणारा. त्यांना आईवडील नव्हते. मुंबईत एका खानावळीत स्वयंपाकाला होते, तिथल्या ओळखीतून एका गलबतावर भंडारी म्हणून लागले. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. मंगळूरच्या बंदरातून तांदूळ आणि कौलं भरायची, केरळाच्या पश्चिमेला समुद्रात जी लहान लहान बेटं आहेत तिथं उतरवायची, येताना खोबरं आणि काथ्या आणायचा. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा दाजी चार महिने आमच्याकडं. उरलेले महिने अक्का आमच्याजवळच. दाजी आले की स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचे. नारळ घातलेली आमटी आम्ही पहिल्यांदा त्यांच्या हातची खाल्ली. अण्णा म्हणायचे, "जावईबापू, औरंगाबादेत समुद्र आणला तुम्ही." आणि अक्का दारामागं उभी राहून हसायची.

एका ज्येष्ठात मालकाची तार आली. गलबत बुडालं, माणसांचा पत्ता नाही.

अण्णा मुंबईला गेले, तिथून मंगळूरला. मालकाचा मुनीम म्हणाला, वादळ लवकर आलं, काय झालं ते आम्हालाही ठाऊक नाही. कधी कधी माणसं एखाद्या बेटाला लागतात, कधी दुसरं जहाज उचलून भलत्याच बंदरात नेतं, वर्षा-दोन वर्षांनी परत येतात. थांबा. अण्णा तेवढं एकच वाक्य घेऊन घरी आले. अक्कानं ते उचललं. कुंकू लावत राहिली, मंगळसूत्र घालत राहिली, आणि संध्याकाळी एक भाकरी जास्त थापत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगा शहरातल्याच छावणी भागातला, सरकारी कचेरीत कारकून. याआधी माझी एक सोयरीक मोडली होती, का ते सांगत बसत नाही, पण मोडलेली सोयरीक म्हणजे काय ते आमच्या काळातल्या बाईला विचारा. सासरची माणसं दाजींबद्दल दोनदा विचारून गेली होती. "नक्की काय झालं म्हणायचं त्यांचं?" अण्णांनी सांगितलं, बेपत्ता आहेत, येतील. सासूबाई म्हणाल्या, बरं. लग्नाला चार दिवस उरले होते.

आणि त्या दुपारी तो माणूस आला.

अण्णा दुकानात होते. अक्का माझ्या बांगड्या भरायच्या म्हणून कासाराला सांगायला गुलमंडीवर गेली होती. मी एकटी, अंगणात हळकुंडं निवडत. दारात एक उंच, काळासावळा, दाढीवाला माणूस उभा. पायात चप्पल नव्हती. म्हणाला, "रंगनाथची सासुरवाडी हीच का?" मी होय म्हणाले. तो उंबऱ्याबाहेरच खाली बसला आणि रडायला लागला.

त्याचं नाव हसन. रत्नागिरीकडचा खलाशी, दाजींच्या गलबतावरचा. खुलदाबादच्या दर्ग्यात नवस फेडायला आला होता, पण म्हणाला, "नवस नंतर, आधी हे घर." मी पाणी दिलं. त्यानं सगळं सांगितलं — त्याचं मराठी कोकणातलं, थांबत थांबत. सुकाणू मोडलं. पहाटे गलबत पोवळ्याच्या खडकावर चढलं आणि मधोमध फाटलं. तांदळाची पोती फुटून पाण्यावर पांढरा थर पसरला. फळ्यांना धरून चौघं जण एका बेटाला लागले. बेट म्हणजे काय? वाळू, केतकीची झुडपं आणि पक्षी. गोड्या पाण्याचा थेंब नाही. दाजींच्या हाताला एक पातेलं लागलं होतं. पाऊस पडला की ते त्यात पाणी धरायचे. किनाऱ्याला लागलेला ओला तांदूळ वेचून, वाळवून, सगळ्यांना शिजवून घालायचे. "सगळ्यांचं झाल्यावर स्वतः खायचा," हसन म्हणाला, "बेटावरसुद्धा." खडकावर पाय कापला होता, तो सुजला, काळा पडला. ताप चढला. आठ-दहा दिवस काढले त्यांनी.

"लाकडं नव्हती, बहिणी," तो म्हणाला. "झुडपं होती तीही भिजलेली. जाळता आलं नाही. आम्ही वाळूत ठेवला त्याला, वर पोवळ्याचे दगड रचले. तुमची प्रार्थना मला येत नव्हती, मी माझी म्हटली. ते चुकलं असेल तर त्याच्या बायकोनं मला माफ करावं. तेवढ्यासाठी आलो." नंतर एक जण आणखी गेला. उरलेल्या दोघांना दुसऱ्या बेटावरच्या होडीवाल्यांनी उचललं, पण पावसाळा लागला आणि समुद्र बंद झाला. दुसरा त्या बेटांवरचाच, तो तिथं राहिला. हसन मुख्य भूमीवर आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि मग महिनोन् महिने तो इस्पितळात पडून होता.

मग त्यानं निरोप सांगितला. दाजी शुद्धीत होते तेव्हा म्हणाले होते, "तिला सांग, माझ्यासाठी बसून राहू नको. दुसरं घर कर. माझी शपथ घाल."

मी काय केलं?

मी ऐकत होते आणि ऐकता ऐकता माझ्या डोक्यात सुतकाचे दिवस मोजले जात होते. मुहूर्त जाणार. सासूबाई म्हणणार, घरात विधवा, पाहू पुढं. दुसरी सोयरीक मोडलेली मुलगी. दाजी वाळूत निजले होते, आणि मी हळकुंडांच्या सुपाकडं बघत होते.

हसन म्हणाला, "तिला भेटूनच जाईन."

मी म्हणाले, "अक्का गावी गेलीय. मी सांगते तिला. तुम्ही काळजी करू नका."

"नक्की सांगशील?"

"माझी बहीण आहे ती," मी म्हणाले.

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. माफीचं विचारलं पुन्हा. मी अक्काच्या वतीनं म्हणाले, तुम्ही योग्यच केलं. काय अधिकार होता मला? उपाशी माणूस दारात आला होता, त्याला मी जेवायला थांबवलं नाही. कधी एकदा गल्लीच्या बाहेर जातो असं झालं होतं मला. त्याचा पत्ता विचारला नाही. तो वळणावर पोचला आणि समोरून अक्का आली. दोघं एकमेकांच्या अगदी जवळून गेली. हसननं बाजूला होऊन वाट दिली. अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कोण होतं गं सुमे?" ती आत येत म्हणाली.

"पत्ता विचारत होता कुणाचा तरी."

"पाणी तरी दिलंस का? किती ऊन हाय बाहेर."

"दिलं," मी म्हणाले.

ठरवलं होतं, लग्न झालं की सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं. लग्न झालं. अक्कानं माझी पाठवणी केली, सगळ्यात जास्त तीच रडली. मांडव उतरल्यावर लगेच कसं सांगायचं? मग आषाढ आला, मग सण आले, प्रत्येक वेळी वाटायचं, हा सण होऊ दे. तोवर एक प्रश्न जन्माला आला होता: इतके दिवस का नाही सांगितलंस? जितका उशीर होत गेला तितकं सांगणं जड झालं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही कदाचित म्हणाल, वीस वर्षांची पोर, घाबरली. मीही स्वतःला हेच म्हणत आले. पण मी तुम्हाला अजून खरं सांगितलेलं नाही.

मला मुलगा झाला. त्याच सुमारास शाळेतल्या नोकरीचा हुकूम हातात आला. सासूबाई संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या. बाळाला कोण बघणार? अक्का आली. अण्णांना डबा करून द्यायची आणि रोज चालत छावणीत यायची. दिवसभर बाळ तिच्या खांद्यावर. मी शाळेतून यायचे तेव्हा घर झाडलेलं, दूध तापलेलं, बाळ न्हाऊन झोपलेलं. माझ्यासारखं सुख कुणाला होतं?

त्या वर्षी निकम मास्तरांनी अण्णांकडं शब्द टाकला. आमच्याच गल्लीत राहायचे, बायको बाळंतपणात गेलेली, चार वर्षांची मुलगी पदरात. सुधारकी विचारांचे, तिरसट, पण मनानं चांगले. त्यांची पोर अक्काच्या पदराला धरून फिरायची. मास्तर अण्णांना म्हणाले, "रंगनाथराव आता येत नाहीत हे तुम्हालाही कळतं. बाईंची तयारी असेल तर मी लोकांना भीत नाही." अण्णांनी अक्काला सांगितलं, तुझं तू ठरव, मी आड येत नाही. त्या काळात एका कापड मोजणाऱ्या माणसानं हे म्हणणं — तुम्ही अण्णांना ओळखत नव्हता, म्हणून सांगते — लई मोठी गोष्ट होती.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच. लाजली होती ती. तिशीला आलेली माझी बहीण, मी तिला लाजताना फार वर्षांनी पाहिलं. म्हणाली, "सुमे, त्या पोरीला आई नाय. मलाबी कुणी नाय. मन होतंय. पण भ्याव वाटतं. तुला काय वाटतं?"

पाहिलंत? मला कुठं काही शोधायचं नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं. दाजींनी शपथ घातली होती ती तिच्या पुढ्यात ठेवायची, बस. निरोप जिथं पोचायचा तिथं पोचला असता. मला शिव्या बसल्या असत्या, कदाचित तिनं वर्षभर माझं तोंड पाहिलं नसतं, आणि मग ती गेली असती निकम मास्तरांच्या घरी.

आणि माझं बाळ?

हाच विचार होता. दुसरा कुठलाही नव्हता. त्या वेळी मी घाबरले नव्हते, गोंधळले नव्हते. नोकरीचे पहिले महिने, बाळ अंगावरचं, आणि अक्का गेली तर मला शाळा सोडावी लागणार. मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला. आणि म्हणाले, "अक्का, पण दाजी आले तर?"

तिचा चेहरा कसा झाला ते सांगू शकत नाही. तिनं बाळाकडं पाहिलं. बाळाच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसली. "व्हय," म्हणाली. "खरंच की. आले तर काय तोंड दावू?"

त्या दिवसापासून तिनं मास्तरांच्या दारावरून जाणं सोडलं. ती पोर दारात येऊन हाका मारायची, अक्का आतून कडी लावून बसायची. काही महिन्यांनी मास्तर बदली घेऊन परभणीला गेले.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंदांपैकी कुणीतरी म्हणालं, शास्त्राप्रमाणं आता पुतळा करून दहन करावं, त्या जिवालाही गती मिळंल. अक्का कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशी चढवला. "कुणी पाहिलंय त्यांना मेलेलं? सांगा ना. आहे कुणी इथं?" सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं तिनं. माझ्याकडंही. मी भाजी निवडत होते.

अण्णा गेल्यावर ती कायमची आमच्याकडं आली. आम्ही गारखेड्यात घर बांधलं, त्यात तिला मागची खोली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरांतून तिला बोलावणं यायचं, काही घरांतून यायचं नाही. बायकांना कळायचं नाही तिला काय धरावं. न बोलावलेल्या दिवशी ती मला म्हणायची, "तू जाऊन ये, मी पोराला बघते." आणि मी जात होते. नटूनथटून जात होते हो.

मुलगा मोठा झाला, कमवायला लागला. म्हणाला, मावशी, तुला काय पाहिजे ते माग. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. म्हणाली, "मला एकदा समुद्र दाव."

आम्ही कोकणात हर्णैला गेलो. तिथं किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यातच एक किल्ला आहे. अक्कानं तो पाहिला आणि जागच्या जागी उभी राहिली. "सुमे, हे बेट का?" मी म्हणाले, हो, पण दाजींची बेटं ही नव्हेत, ती फार खाली, दक्षिणेला. ती ऐकेना. वाळूत सुकट वाळत घालत बसलेल्या एका कोळणीजवळ गेली. हात जोडले तिला. "बाई, जहाज बुडालं तर माणसं अशा बेटाला लागतात का हो?"

कोळीण हसली. "लागतात की बाय. दर्या कुणाला कुठं नेऊन टाकील सांगता येत नाय."

"आन मग परत येतात?"

कोळणीनं तिच्या कपाळाकडं पाहिलं, मग पांढऱ्या केसांकडं. हसू गेलं तिचं. "येतात," ती म्हणाली. परकी बाई होती, तिनं दयेनं खोटं सांगितलं.

अक्का पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभी राहिली. पातळ भिजलं तरी हलली नाही. ओठ हलत होते, बोलत होती कुणाशी तरी. मी मागं उभी होते. मुलगा लांब गाडीपाशी. आम्ही दोघीच. मला वाटलं, आता. इथं नाही तर कुठं? ते तिकडं वाळूत आहेत, हसन नावाच्या माणसानं त्यांच्यावर दगड रचले, त्यानं तुझी माफी मागितली, त्यांनी तुला शपथ घातली. चार वाक्यं. मी हाक मारली, "अक्का."

"काय गं?" ती वळली. डोळे भरलेले, पण चेहरा — चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "वारं लागंल, पदर घे डोक्यावरून."

परतीच्या वाटेवर गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

मागच्या माघात अक्का गेली. पंधरा दिवस अंथरुणावर होती. शेवटी शेवटी बोलणं विस्कळीत झालं होतं, पण एका दुपारी अगदी स्वच्छ शुद्धीत आली. मी चमच्यानं पेज भरवत होते. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सुमे, त्या मास्तराच्या वक्ताला तू अडवलंस मला. नाय तर मी गेले असते बघ. पाय घसरला असता माझा. तू होतीस म्हणून राहिले." मग म्हणाली, "तुझं लई उपकार हायेत."

मी चमचा पुन्हा तोंडाशी नेला. तिनं घोट घेतला. मी तेव्हाही सांगितलं नाही. तेव्हा कशाची भीती होती? नोकरी संपलेली, नवरा गेलेला, मुलगा पन्नाशीचा. काहीच जाणार नव्हतं माझं. तरी मी तिच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसली आणि म्हणाले, "झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

शेजारच्या बायका आल्या. कुणीतरी विचारलं, हिला कसं न्यायचं? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात थोरली आता मीच. मी म्हणाले, सवाष्णीसारखं. कपाटातून हिरवं लुगडं काढलं. मी विधवा, तरी सख्खी बहीण म्हणून कुणी अडवलं नाही; कपाळभर कुंकू मी लावलं. बांगड्या मी चढवल्या, हात थंड झाले होते, फार जपून चढवाव्या लागल्या. ओटी मी भरली. एकेक बाई पुढं येऊन तिच्या पायाला हात लावत होती. गारखेड्यातल्या ज्या म्हातारीनं तिला कधीच हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, तीही आली, वाकली आणि म्हणाली, "पुण्याची बाई. अहेव गेली."

मग ती माझ्याकडं वळली. "आन तुम्ही सख्ख्या बहिणीला जन्मभर सांभाळलंत. कोण करतं एवढं?"

मी तिला हात जोडले.